आयती लेकरं

(परभणी जिल्ह्यातल्या एका महिला मेळाव्यात ‘पुनर्विवाह आणि मुलं’ या विषयावर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण पुष्कळ अवघड गोष्टी ऐकल्या. पोटगीच्या तारखा, टाकून दिलेल्या बाईचं रेशनकार्ड, नवरा वारल्यावर सातबाऱ्याला नाव लावायला लागणाऱ्या खेपा. मला ताईंनी सांगितलं, “तुम्ही पुनर्विवाह केलाय, नवऱ्याची दोन लेकरं सांभाळता, तर सावत्र आईच्या अडचणींवर बोला.” अडचणी आहेत, त्यांच्यावर मी बोलणारच आहे. पण आधी मला या लेकरांसोबतच्या सुखाबद्दल बोलू द्या. अडचणींवर बोलायला आपल्याला माईक मिळतो, सुखावर बोलायला मिळत नाही. आणि सुख कशात आहे ते कळल्याशिवाय अडचण कशाच्या आड येते तेही कळत नाही.

माझी थोडी ओळख सांगते. माझं माहेर सेलू तालुक्यातलं. पहिलं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. सहा वर्षांत मूल झालं नाही. दवाखाने माझेच झाले, उपासतापास माझेच झाले, नवऱ्याची तपासणी एकदाही झाली नाही. मग एक दिवस मला माहेरी आणून सोडलं. पुढे कागदोपत्री फारकत झाली. माहेरी राहून मी शिवणकाम शिकले, मशीन घेतलं, भावाच्या घरात माझा वाटा मी रोजच्या रोज चुकता करत होते. तरी घरात परत आलेली पोरगी म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

चार वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातलं एक स्थळ आलं. बिजवर. बायको आजारानं वारलेली, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मध्यस्थ माझ्या आईला म्हणाले, “चांगलं आहे की! पोरीला मूल होत नाही, तिथं आयती लेकरं मिळतील.” आयती लेकरं! जसं काही शिजवलेलं ताट कुणीतरी समोर ठेवतंय. हा शब्द माझ्या मनात इतका रुतून बसला, की मी अट घातली: लग्नाआधी लेकरांना भेटणार, तेही एकदा नाही, तीनदा. लोक हसले. बिजवराला बघायला कुणी बाई स्वतःहून जाते का? मी गेले. नवऱ्याशी बोलले ते पाच मिनिटं. बाकी वेळ अंगणात पोरीसोबत गजगे खेळत बसले. ती मला सरळ हरवत होती, आणि हरवताना हसत नव्हती. तेव्हाच मला वाटलं, हिच्यासोबत राहायला आवडेल.

आता ‘सावत्र’ या शब्दाकडे बघू. हा शब्द आला कुठून? संस्कृतात ‘सपत्नी’ म्हणजे एकाच नवऱ्याची दुसरी बायको. त्यापासून आपली ‘सवत’ आली. तिच्यावरूनच ‘सापत्न’ आणि ‘सावत्र’ आले. म्हणजे बघा, माझं आणि या दोन लेकरांचं नातं ज्या शब्दानं सांगतात, त्या शब्दात ना मी आहे ना लेकरं आहेत. त्यात आहे दोन बायकांचं एका पुरुषावरून भांडण. त्यातली एक बाई तर मेलेली आहे, तरी भांडण चालूच. आणि हा शब्द किती दूर गेलाय! अनुशेषाची, पाण्याची, रेल्वेची गोष्ट निघाली, की पुढारी म्हणतात, मराठवाड्याला सापत्न वागणूक मिळते. अन्याय मुंबईत बसलेल्यांनी केला तरी नाव बदनाम होतं ते घरातल्या बाईचं!

गोष्टींमध्येही तेच. ध्रुवबाळाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. सावत्र आई सुरुचीनं त्याला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही. सुरुची वाईट, हे आपण पाठ केलं. पण मांडी कुणाची होती? राजाची. राजा तिथंच बसलेला होता, आणि तो गप्प राहिला. त्याला कुणी बोल लावत नाही. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये एक आवडती राणी असते, एक नावडती. आवड-नावड ठरवणारा राजा मात्र कहाणीच्या शेवटी सुखानं राज्य करतो.

म्हणून मी घरात पहिल्या दिवशी ठरवलं, की जी बाई या घरातून गेली तिची मी सवत नाही. तिचा फोटो माझ्या लग्नाच्या आधी उतरवून माळ्यावर ठेवला होता. नव्या नवरीच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून. मी तो पुसून, पोरं जिथं अभ्यासाला बसतात तिथं लावला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुला चालतं का?” मी म्हणाले, “मला न चालायला काय झालं? तिची लेकरं आहेत, तिनं त्यांच्यावर लक्ष ठेवावं. मला तेवढीच मदत.” हे मी हसत म्हणाले, पण खरंच तसं झालं.

लेकरं मला ‘आई’ म्हणत नाहीत, ‘मावशी’ म्हणतात. पुष्कळ बायका मला हळूच विचारतात, वाईट नाही वाटत? नाही वाटत. आई त्यांना होती. ती जागा भरलेली आहे, रिकामी नाही. आणि मावशी हा काय कमी मानाचा शब्द आहे? आपल्याकडे म्हणच आहे, माय मरो पण मावशी जगो. त्या म्हणीतलं मरण नको, पण मावशीचा मान मी आनंदानं घेतला. जबरदस्तीनं ‘आई’ म्हणायला लावलं असतं, तर पोरीनं ओठानं म्हटलं असतं आणि मनातून मला हाकललं असतं.

आता सुखाचं सांगते. फार मोठं काही नाही. रोजचंच आहे.

सकाळी शाळेच्या आधी पोरीची वेणी. हे आमचं पहिलं बोलणं. समोरासमोर बसून जे पोर एक शब्द बोलत नाही, ते पाठमोरं बसलं की बोलतं. हे मला त्या वेणीनं शिकवलं. माझे हात तिच्या केसांत, तिचं तोंड दाराकडे. शाळेत कोण कुणाशी कट्टी आहे, खिचडीत आज काय होतं, बाईंची नवी साडी, सगळं त्या दहा मिनिटांत बाहेर येतं. सुरुवातीला एक महिना ती नुसती बसायची. मग एक दिवस म्हणाली, “माझी आई भांग असा मधून नाही पाडायची, बाजूनं पाडायची.” मी विचारलं, “दाखव बरं कसा?” तिनं माझ्या हातातून फणी घेऊन दाखवलं. त्या दिवसापासून भांग बाजूनं. आणि त्या दिवसापासून ती मला तिच्या आईची माहिती देऊ लागली. आई शेंगदाण्याच्या चटणीत लसूण जास्त घालायची. आई रागावली की बोलायची नाही, भांडी जोरात घासायची. एका बाईची ओळख मला तिच्या लेकीकडून झाली. असं भाग्य किती जणींना मिळतं?

धाकट्याचं सुख वेगळं. तो चुलीशी येतो. आमच्याकडे गॅस आहे, पण भाकरी मी चुलीवरच करते. पीठ मळायला घेतलं की तो गोळा मागतो. त्याची चानकी तो स्वतः थापतो. तीन वर्षांचा होता तेव्हा त्याची चानकी म्हणजे नकाशा असायचा. आता सात वर्षांचा आहे, आता ती बऱ्यापैकी गोल होते. तव्यावर टाकली की तो मोजत बसतो, फुगते की नाही. फुगली की सगळ्या घराला बोलावून दाखवतो. बापानं ती खायचीच, असा नियम आहे. पोरानं थापलेली भाकरी बापाच्या ताटात, हे आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. सासूबाई आधी म्हणायच्या, पोराला चुलीजवळ काय बसवतेस. आता त्याच त्याला पीठ चाळून देतात.

आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. तुम्हालाही माहीत आहे, पाणी आलं की घरातल्या बाईचा जीव कसा होतो. पण पोरांना तो सण असतो. घागरी, कळश्या, बादल्या, डब्बे, सगळ्यांची रांग लावायचं काम धाकट्याचं. कुठलं भांडं कशाचं, प्यायचं कुठलं, वापरायचं कुठलं, हे थोरली खडूनं लिहून ठेवते. एकदा रात्री साडेअकराला पाणी आलं. दोघं उठली. भिजत, हसत आम्ही तिघांनी दीड तास पाणी भरलं. पाणी आठ-दहा दिवसांनी यावं हे मुळीच चांगलं नाही, त्यासाठी आपण ग्रामपंचायतीवर हंडे घेऊन गेलोय आणि पुन्हा जाऊ. पण त्या रात्री जी मजा आली, ती आम्ही सरकारला कशाला देऊ? ती आमची आहे.

आमचं घर माळवदाचं. उन्हाळ्यात वर झोपायचं. अंथरुणावर पडलं की गोष्टी. त्यांना राजाराणीची गोष्ट नको असते, माझ्या लहानपणची हवी असते. ‘मावशी, तू लहान असताना’ हे सुरू झालं की संपत नाही. पहिल्या उन्हाळ्यात धाकटा सासूबाईंच्या पलीकडे झोपायचा. मग सासूबाई आणि माझ्या मध्ये आला. मी त्याला एकदाही ओढून जवळ घेतलं नाही. एका रात्री वारा सुटला, आणि झोपेत त्यानं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. मी सकाळपर्यंत कूस बदलली नाही. अंग आंबून गेलं, पण मैत्रिणींनो, तसली आंबलेली सकाळ मला पुन्हा पुन्हा चालेल.

हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की रविवारी रानात जायचं. आगटी पेटवायची, कणसं भाजायची, तळहातावर चोळून गरम गरम हुरडा पोरांच्या ओंजळीत टाकायचा. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. एसटीनं जायचं, पाळण्यात बसायचं, बांगड्या आणि एक शिट्टी घेऊन यायचं. त्या शिट्टीनं पुढे आठ दिवस डोकं उठतं. हे सगळं तुमच्याही घरी असतं. त्यात नवीन काय, असं वाटेल. नवीन एवढंच, की बाहेरच्यांना वाटतं हे सगळं सख्ख्या आईलाच गोड लागतं, आणि मी फक्त कर्तव्य करतेय. तसं नाही. मला गोड लागतं म्हणून मी करते.

बाहेरच्यांचं एक काम मात्र अखंड चालू असतं, ते म्हणजे तपासणीचं. दुकानात गेला की पोराला विचारतात, “मावशी जेवायला देती का रे?” “मारती का?” एकदा तो वैतागून म्हणाला, “मारत नाही, पण पाढे म्हणायला लावती.” आपण आज हसतोय, पण जरा विचार करा. आईवेगळ्या लेकराला रस्त्यात थांबवून रोज कुणीतरी सांगतंय, की तुझ्या घरात तुला भीती असायला पाहिजे. ही माया नाही. लेकराच्या मनात शंकेचं बी पेरणं आहे. सख्खी आई पोराला धपाटा घालते तेव्हा कुणी विचारत नाही. आपल्या संघटनेची भूमिका साधी असावी: लेकराला कुणीच मारू नये, सख्ख्यानंही आणि सावत्रानंही. आणि खरोखर जिथं लेकराचे हाल होत असतील, तिथं दुकानात कुजबुज न करता त्या घराचं दार वाजवावं.

तपासणीच्या उलट दुसरा प्रकार आहे, ओवाळणीचा. “काय बाई तुझा त्याग! दुसऱ्याची लेकरं पोटच्यासारखी करतेस.” हेही मला नको आहे. सावत्र आईसाठी समाजानं दोनच साचे करून ठेवलेत, एक राक्षशिणीचा आणि एक देवीचा. राक्षशिणीनं छळायचं, देवीनं झिजायचं. दोघींनाही मजा करायची परवानगी नाही. मला तिसरी जागा पाहिजे, साध्या माणसाची. तिला कधी कंटाळा येतो, ती कधी रागावते, आणि पुष्कळदा या लेकरांच्या संगतीत तिला पोट दुखेपर्यंत हसू येतं.

अशा माणसांच्या खुणा आपल्या मागे आहेत, फक्त आपण तिकडे पाहत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. सुमारे सातशे वर्षांपूर्वीची पोर. गोदेकाठच्या गावातून लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली आणि परंपरा सांगते, की तिनं लहानग्या नामदेवाला अंगाखांद्यावर खेळवलं. रक्ताचं नातं नाही, घरात जागा दासीची. पण तिच्या अभंगांत देव कुठं येतो ते बघा. तो जात्याशी येऊन दळू लागतो, शेणी वेचायला रानात येतो, तिचे केस विंचरतो. मोठा चमत्कार नाही, रोजच्या कामाला लावलेला हात. जनाबाईनं देवाकडून जे करून घेतलं, तेच आपण नवऱ्यांकडे मागतोय, आणि त्यांना ते जड जातंय!

दुसरं उदाहरण पुण्याचं. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या बालविधवेनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या पुढे आनंदीबाई, बाया कर्वे झाल्या. पुनर्विवाहाच्या इतिहासात ही तारीख मोठ्या अक्षरांत आहे. समाजानं बहिष्कार घातला, तेही लिहिलेलं आहे. पण त्या लग्नानं एक सावत्र नातंही सुरू झालं, ते आपण एका ओळीत संपवतो. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या होत्या. त्यांचा मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा. हाच रघुनाथ पुढे १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून संततिनियमनाचा आणि स्त्रीच्या शरीरावरच्या तिच्या हक्काचा पुरस्कार करणारा र. धों. कर्वे झाला. आपण सुधारकांची लग्नं मोजतो. लग्नानंतर घरात जे पोर उभं असतं, त्याच्याजवळ कोण बसलं, किती वेळ बसलं, हे मोजायची पद्धत आपल्यात नाही.

आता जरा आपल्या आपल्यात बोलते. चळवळीत आपण मुलं सांभाळण्याला काम म्हणायला शिकलो. ते बरोबरच आहे. बाईचं हे काम कुणी मोजत नव्हतं, आपण मोजायला लावलं. पण त्यामुळे एक झालं, मुलांसोबतच्या आनंदाबद्दल बोलायला आपण बिचकतो. वाटतं, आनंद आहे असं म्हटलं की लगेच म्हणतील, “मग करा की तुम्हीच, तुम्हाला आवडतं ना!” भीती खोटी नाही. पण म्हणून आनंद लपवायचा का? मी तर उलट म्हणते. हा आनंद खरा आहे, म्हणूनच आपली वेळेची मागणी खरी आहे. कारण हे नातं रक्तानं होत नाही, मंगळसूत्रानं होत नाही, एका दिवसाच्या त्यागानंही होत नाही. ते वेळेनं होतं. वेणीची दहा मिनिटं, चुलीजवळचा अर्धा तास, माळवदावरची रात्र. ज्या बाईचे दोन तास पाण्यात, दोन तास सरपणात आणि दिवस दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात जातो, तिच्याकडे ही दहा मिनिटं आणायची कुठून? जी बाई दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाते आणि लेकरं म्हातारीजवळ ठेवते, तिच्याकडून हा वेळ कुणी काढून घेतला? सावत्र असो की सख्खी, वेळ नसलेली आई लेकराला फक्त ओरडताना दिसते. म्हणून नळाचं पाणी, गावातलं पाळणाघर, नीट चालणारी अंगणवाडी, बरोबरीची मजुरी, या मागण्या माझ्यासाठी कोरड्या नाहीत. त्या माझ्या वेणीच्या दहा मिनिटांच्या मागण्या आहेत.

आणि बापाचं काय? बाई मेली की पाचव्या-सहाव्या महिन्यात घरात एकच वाक्य सुरू होतं, “लेकरांचं कोण करणार?” बाप धडधाकट समोर बसलेला असतो. तरी प्रश्न पडतो कोण करणार! त्याला त्या मोजणीत कुणी धरतच नाही. दोन लेकरं आणि एक घर यांच्यासाठी बिनपगारी माणूस शोधणं चालू होतं, आणि त्याला लग्न म्हणतात. माझ्या नवऱ्यानं पोरीची वेणी कधी घातली नव्हती. मी शिवणाच्या ऑर्डरी घेऊन दोन दिवस परभणीला गेले तेव्हा घातली. वाकडी घातली, पण घातली. परत आल्यावर पोरगी म्हणाली, “बाबाला सगळं सांगितलं मी, कट्टीचं पण.” पाठमोऱ्या पोराच्या बोलण्याचं सुख बापालाही मिळालं. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस वेणी त्याच्याकडे असते. आनंदात वाटेकरी आला म्हणून माझा आनंद कमी झाला नाही.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट आता सांगते. बिजवर पुरुषाची दोन लेकरं मला ‘आयती’ म्हणून दिली. पण पदरात लेकरू असलेली विधवा किंवा टाकलेली बाई पुन्हा लग्न करायला निघाली, तर तिला काय सांगतात? “लेकरू मामाकडे ठेव. आजीकडे ठेव. ते सोबत नको.” पुरुषाची लेकरं घरासोबत येतात, बाईची लेकरं उंबऱ्याबाहेर राहतात. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिला, त्यांच्या मागे पंचविशी-तिशीतल्या कितीतरी बायका राहिल्या. त्यांना पुन्हा संसार करावासा वाटला तर त्यांच्यासमोर हाच तिढा असतो, नवरा की लेकरू. सावत्र आईनं प्रेम करावं अशी सगळ्यांची अपेक्षा. सावत्र बापाकडून निदान दार उघडण्याची तरी अपेक्षा नको का? मी जर दुसऱ्या बाईच्या पोरांसोबत माळवदावर हसू शकते, तर पुरुषाला ते सुख घ्यायला कुणी अडवलंय?

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. हिंदू कायद्यापुरतं सांगते, तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. १९५६ च्या अज्ञानत्व आणि पालकत्वाच्या कायद्यात, सहाव्या कलमात, नैसर्गिक पालक कोण ते दिलंय. तिथं स्पष्टच लिहिलंय, की ‘आई’ आणि ‘बाप’ या शब्दांत सावत्र आई आणि सावत्र बाप येत नाहीत. म्हणजे माझ्या नवऱ्याचं उद्या काही बरंवाईट झालं, तर मी चार वर्षं वेणी घातलेल्या पोरीची मी कायद्यानं आपोआप पालक होत नाही. वारसाचंही तसंच. बाई मृत्युपत्र न करता वारली तर तिची मालमत्ता आधी तिच्या मुलांना आणि नवऱ्याला जाते. त्या ‘मुलां’मध्ये सावत्र मुलं येत नाहीत, ती नंतरच्या पायरीवर नवऱ्याचे वारस म्हणून येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली सांगितलं. माझं मशीन आणि माझ्या खात्यातले चार पैसे थेट पोरांना जावेत असं मला वाटत असेल, तर मृत्युपत्र केलं पाहिजे. उलट बाजूनं, स्वतःचं मूल नसलेली सावत्र आई विधवा झाली, किंवा तिला सांभाळायची नवऱ्याची ताकद नसली, तर ती सावत्र मुलाकडे पोटगी मागू शकते, हे त्याच न्यायालयानं १९९६ साली मान्य केलं. आणि सावत्र आईबापाला मूल रीतसर दत्तक घेता येतं, तशी तरतूद २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे. हे कागद प्रेमाच्या जागी येत नाहीत. पण दुखणंखुपणं, जमिनीचा वाद, घरातल्यांचं फिरलेलं मन, अशा वेळी कागदच कामाला येतो.

तेव्हा आपल्या गटांनी पुनर्विवाह जुळवताना तीन गोष्टी धराव्यात, असं मी सुचवते.

पहिली, लग्नाआधी बाईनं आणि लेकरांनी एकमेकांना भेटावं, आणि लेकरांशी खरं बोलावं. ‘तुझी आई परत आली’ असं खोटं कुणी सांगू नये. लेकराला खोटं लगेच कळतं.

दुसरी, बाईच्या पदरात लेकरू असेल तर ते तिच्यासोबत येईल, ही अट आपली असावी. ज्याला बाई पाहिजे आणि तिचं लेकरू नको, त्याला आपण सरळ नाही म्हणावं.

तिसरी, घरातल्या कामाची वाटणी, लेकरांचं पालकत्व आणि बाईचा राहत्या घरातला हक्क, हे लग्नाच्या बैठकीतच बोलावं आणि जिथं जमेल तिथं लिहून घ्यावं. मानपान, आहेर, जेवणावळ यांवर दोन दिवस बोलणी चालतात, त्यात अर्धा तास याला काढता येतो.

आणि या सभेत कुणी अशी बहीण असेल, जिच्यापुढे बिजवराचं स्थळ आहे आणि सावत्र या शब्दाची भीती आहे, तिला मी सांगेन. लेकरं आयती मिळत नाहीत. सख्ख्या आईलाही मिळत नाहीत. पोटातून येतं ते बाळ, त्याच्याशी ओळख रोज करून घ्यावी लागते. मला ती ओळख सहा वर्षं आणि तीन वर्षं उशिरा सुरू करायला मिळाली, एवढाच फरक. पहिल्या दिवशी प्रेम वाटलं नाही तर घाबरू नकोस. आधी फणी हातात घे, पोरीला विचार भांग कुठून पाडायचा, आणि तिचं ऐक. बाकीचं हळूहळू होतं. होताना फार मजा येते, ती मजा घ्यायला लाजू नकोस.

धाकट्याला सांगून आलेय, संध्याकाळी भाकरीच्या वेळेला घरी पोहोचते. जिंतूरची गाडी साडेचारला आहे. एवढं बोलून थांबते.